भातुकली वजनात भरत नाही

अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला, त्याच्या चार-पाच वर्षे आधीची गोष्ट. पहिली पाळी सुटली की मी त्याच रस्त्याने घरी येत असे. जळलेल्या मोटारींची वाइंडिंग, पत्र्याची कतरण आणि गंजके पाइप यांच्या ढिगाऱ्यात एके दिवशी मला पाणी तापवायचा तांब्याचा बंब दिसला. त्याला नळ होता, मधून जाणारी धुराची नळी होती, खाली निखाऱ्यांची जाळी होती. उंची साडेचार इंच. दुकानदाराने तो क्विंटलच्या काट्यावर ठेवला, काटा हलला नाही. "काका, हे वजनात भरत नाही. काय द्यायचं ते द्या," तो म्हणाला. मी पन्नास रुपये दिले.

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे डाय आणि पंच बनवले. पत्रा कसा ताणला, कुठे फाटला, कुठे सुरकुतला हे पाहण्याची डोळ्याला सवय झाली आहे. त्या बंबाने ती सवय भलत्याच दिशेला नेली. तेव्हापासून नाशिक, सिन्नर, निफाड, येवला इथल्या ओळखीपाळखीच्या घरांत जाऊन मी माळ्यावरच्या भातुकल्या उतरवून घेतो, व्हर्नियरने मोजतो, वहीत आकृत्या काढतो आणि परत ठेवतो. घरातल्या बायका आधी हसतात. मग चहा होईपर्यंत त्याच मला एकेका भांड्याचे नाव सांगू लागतात.

दुकानदाराच्या त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मराठी घरातले तांबे-पितळ ही भांडी तर होतीच, शिवाय ती घरातली शिल्लकही होती. अडीनडीला हंडा गहाण पडे, लग्नात परात दिली जाई, भोक पडले की मोडीत घालून नवे घेतले जाई. 'मोड' हा शब्दच भांड्याच्या पुढच्या जन्माचा आहे. धातू वितळून पुन्हा भांडे होतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातले फारसे काही आपल्या हाती उरत नाही. स्टेनलेस स्टील आल्यावर तर घरेच्या घरे एका पिढीत रिकामी झाली. या सगळ्या उलाढालीतून एकच गोष्ट सुटली. काट्यावर ठेवण्याइतकी ती जड नव्हती, म्हणून सुटली.

आमच्या घरातलेच उदाहरण देतो. आम्ही मूळचे सिन्नर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी दोन हंडे, घंगाळ, तीन पराती, मोठे तपेले आणि पाच कळशा नाशिकला नेऊन मोडीत घातल्या. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. आईला आठवते ते एवढेच, की आजोबांनी आजीच्या भातुकलीची पिशवीही पोत्यात घातली होती आणि बाजारातून ती तशीच परत आली. सतरा नग, माझ्या वजनकाट्यावर सगळे मिळून नऊशे चाळीस ग्रॅम.

जुन्या मराठीत 'भातुके' म्हणजे खाऊ. संतांच्या वाङ्मयात हा शब्द सापडतो. भातुकली त्याच्या शेजारची. म्हणजे या खेळाच्या नावात बाहुली नाही, घर नाही, आहे ते खाणे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आता इंग्रजी शाळांतल्या मुली ज्याला 'डॉलहाउस' म्हणतात त्याच्याशी भातुकलीचे नाते लावण्याची आपल्याकडे घाई असते.

युरोपातले बाहुलीघर मुळात मुलांचे नव्हतेच. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास असे एक घर करवून घेतले, ते त्याच्या संग्रहातली एक नवलाई म्हणून. अॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईने १६८६ पासून पुढे वीसेक वर्षे खर्चून कपाटात एक घर उभे केले. ते आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. विंडसरच्या किल्ल्यात राणी मेरीचे बाहुलीघर आहे. १९२१ ते १९२४ या काळात ते एडविन लट्येन्सने बांधले, बाराला एक या प्रमाणात. नळांना पाणी येते, दिवे लागतात. याच वर्षांत हाच लट्येन्स दिल्लीत व्हाइसरॉयसाठी खराखुरा राजवाडा बांधत होता. एका माणसाच्या टेबलावर हे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पडलेले असतील, या कल्पनेची मला गंमत वाटते. या सगळ्या घरांचा गुण एकच: ती बघायची. समोरची भिंत दारासारखी उघडायची, आत वाकून पाहायचे आणि पुन्हा लावून घ्यायची. भातुकलीच्या जवळचे तिकडे काही असेल तर ते जर्मनीतले न्यूरेंबर्गचे स्वयंपाकघर. एकच खोली, तीन भिंती, आत चूल आणि टांगलेली कथलाची भांडी. तिथल्या मुलींनाही त्यातून गृहकृत्याचे धडे दिले जात.

मोजमापांतून जे हाती लागले ते आता सांगतो. बाहुलीघराला एक प्रमाण असते, फुटाला इंच. भातुकलीला प्रमाणच नाही. आमच्या संचातली पळी खऱ्या पळीच्या तिसऱ्या हिश्शाची आहे, जाते चौथ्या हिश्शाचे, घागर सहाव्या. भंगारातला तो बंब खऱ्या बंबाच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान. पोळपाटावर बंब ठेवला तर तो आंघोळीचा बंब न वाटता मिठाची बरणी वाटतो. सुरुवातीला मला हा कारागिराचा गलथानपणा वाटला. पुढे लक्षात आले की प्रत्येक वस्तूचा हाताने धरायचा भाग मात्र जवळजवळ सारखा आहे. पळीचा दांडा, जात्याचा खुंटा, झाऱ्याची मूठ, लाटण्याची टोके ही सगळी सहा ते दहा वर्षांच्या मुलीच्या मुठीत बसतील अशी. ज्या वस्तूने काम करायचे ती मोठी, जी नुसती मांडायची ती लहान. बंब कोण पेटवणार? पण पळीने ढवळायचे आहे, लाटण्याने लाटायचे आहे. भातुकली बाहुलीच्या मापाची नाही, हाताच्या मापाची आहे.

म्हणूनच तिला घर नाही. ओसरीचा कोपरा, जिन्याखालची जागा, परसातले बाभळीचे बूड एवढ्यावर भागते. दोन विटा म्हणजे भिंत. चुरमुरे म्हणजे भात, गूळ-दाणे म्हणजे पक्वान्न, आणि एखादीची आई प्रेमळ असली तर खरे दोन निखारे. आमच्या तव्याच्या पाठीला काजळीचा थर आहे. तो मी खरवडलेला नाही.

मुलग्यांचा या तोडीचा खेळ म्हणजे दिवाळीतला किल्ला. तो मात्र बघायचा आणि दाखवायचा खेळ आहे. प्रमाणाच्या बाबतीत तोही बेशिस्तच: दरवाज्याहून वाघ मोठा, वाघाहून मावळा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्या बालेकिल्ल्याला भारी. पण किल्ला दिवाळी संपली की पाण्याने विरघळतो. भातुकली मात्र पिशवीत जाऊन बसते. इतिहासकाराच्या कामाला ती येते ती या फरकामुळे.

नाशिकचे तांब्या-पितळेचे काम जुने. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची दखल आहे. तीर्थक्षेत्र असल्याने गिऱ्हाईक बारमाही, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ. गोदावरीचे पाणी भरून न्यायला यात्रेकरूंना गडू लागे, देवाला ताम्हण लागे. ठोकीव काम तांबटाचे, ओतीव काम ओताऱ्याचे. आज भांडी बाजारातून चाललात तर दुकानांपुढे हंडे-कळशांच्या उतरंडी दिसतात, पण बहुतेक माल यंत्रावरचा. भातुकलीचा संच मागितला तर तोही मिळतो, प्रेसमधून निघालेला, चकचकीत आणि पातळ.

जुने भांडे आणि नवे भांडे ओळखणे अवघड नाही. ठोकीव भांड्यावर मठाराचे ठसे असतात, हातोडीच्या एकेका ठोक्याची चकती. लेथवर दाबून फिरवलेल्या भांड्याच्या अंगावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा असतात. ओतीव भांड्याच्या आतल्या बाजूला साच्यातल्या रेतीचा खरबरीतपणा उरतो. प्रेसमधल्या भांड्याला यातले काहीच नसते. ते गुळगुळीत आणि निनावी असते. हे मी तिरस्काराने म्हणत नाही, माझे आयुष्य तसल्याच डायवर गेले. आमच्या आजीच्या संचात नऊ नग ठोकीव तांब्याचे, चार ओतीव पितळेचे, दोन लेथवरचे आणि दगडी जाते. सतराव्या नगाकडे शेवटी येतो.

प्रश्न असा पडला, की तांबटाने हे बनवलेच का? तांबे ठोकले की कडक होते. म्हणून ते पुन्हा पुन्हा लाल करून पाण्यात विझवावे लागते. लोखंड असे विझवले तर आणखी कडक होते, तांबे मऊ पडते. अडीच इंची पातेल्यालाही हे सोपस्कार चुकत नाहीत. मी स्वतः करून पाहिले. आमच्या कॉलनीत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांनी पाच वर्षे खपून फुटाला इंच या प्रमाणात दोन चौकांचा एक वाडा उभा केला आहे. पुठ्ठा, बांबूच्या काड्या, एम-सील, अगदी तुळशीवृंदावनाच्या देवळीतली पणतीसुद्धा. त्यांना न्हाणीघरासाठी इंचभर उंचीचा तांब्याचा हंडा हवा होता. मी म्हटले, त्यात काय. पहिले चार हंडे गळ्याशी फाटले. घाईत मी पत्रा पुरेसा तापवला नव्हता. पाचवा झाला तेव्हा हिशेब केला: खऱ्या हंड्याच्या निम्म्याहून अधिक वेळ, आणि तांबे चिमूटभर. धातूच्या भावाने विकायच्या धंद्यात हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

याचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले. पहिले कतरणीत. चौकोनी पत्र्यातून गोल चकत्या कापल्या की एकवीस टक्क्यांहून थोडा अधिक पत्रा वाया जातो. बारा इंची चकत्या ओळीने कापल्या तर चार चकत्यांच्या मधल्या जागेत पाच इंचांची एक चकती बसते. या पाच इंची चकतीतून अडीच इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच पातेले निघते. हा हिशेब मी आधी कागदावर केला आणि मग वही उघडली. ठिकठिकाणच्या भातुकल्यांतली पातेली त्या मापाच्या आसपास घोटाळत होती. म्हणजे भातुकली ही मोठ्या भांड्यांच्या मधल्या जागेत राहिलेली आहे. तिचे माप मुलीच्या मुठीने ठरवले तसे पत्र्याच्या उरलेल्या कोपऱ्यानेही ठरवले.

दुसरे उत्तर ठोक्यांत होते. मोठ्या हंड्यावर मठाराच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ असतात. भातुकलीतल्या भांड्यांवर त्या पुष्कळदा वाकड्या जातात, एखादा ठोका दुसऱ्यावर चढतो, तळाशी एक खोल घाव दिसतो. हातोडी लहान, हात कच्चा. जुन्या नाशकातल्या एका वृद्ध कारागिराला मी आमची घागर दाखवली. त्याने ती कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, हे पोराचं काम, आम्ही यावरच हात बसवायचो. फुकट पत्रा आणि फुकट मजुरी, असा तो हिशेब जुळतो. ओसरीवर आठ-दहा वर्षांची मुलगी ज्या भांड्यात लुटुपुटीचा भात रांधत होती ते भांडे कदाचित तेवढ्याच वयाच्या मुलाने ऐरणीवर ठोकलेले होते. दोघेही आपापले पुढचे आयुष्य शिकत होते. त्याला मात्र हा खेळ आहे असे कोणी सांगितले नसावे.

हे सगळे अर्थात खाऊनपिऊन सुखी घरांपुरते. नांगराच्या घरातल्या, मोलमजुरीच्या घरातल्या मुलींची भातुकली मातीची. कुंभाराकडून संक्रांतीला आलेली सुगडी, दिवाळीतली बोळकी, नाहीतर ओढ्याकाठच्या चिखलाची स्वतः वळलेली चूल. ती फुटली आणि मातीत गेली. संग्रह पाहताना हे विसरले जाते. पुण्याच्या विलास करंदीकरांनी वर्षानुवर्षे भातुकली जमवून तिची प्रदर्शने गावोगावी भरवली. तिथे गर्दी करणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे ऋण मानूनच हे लिहितो. धातू टिकतो म्हणून धातूवाल्यांचाच इतिहास टिकतो. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशी रोजच्या वापरातली हजारो वस्तूंची दौलत उभी केली आणि संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. तिथल्या दालनांतून फिरताना मला नेहमी वाटते, की घरगुती वस्तू जपण्याची बुद्धी बहुतेकदा कोणीतरी हरवल्यावरच होते.

आता आजीच्या संचाकडे. तिचे माहेर नाशिकचे. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या भांड्यांची खरेदी झाली तेव्हा दुकानदाराने धाकटीच्या हातात ही भातुकली ठेवली, असे ती सांगे. १९३२ साली, दहाव्या वर्षी, तिचे लग्न झाले. मुलीचे वय किमान चौदा हवे असे सांगणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला होता. सिन्नरच्या त्या लग्नात त्याची आठवण कोणाला झाली नाही. आजी भातुकली घेऊन सासरी आली. सासूने ती माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "आता खरं कर." पुढे वर्षातून एकदा, गौरीपुढे मांडण्यापुरती, ती खाली येई.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. घरातल्या मोठ्या भांड्यांवर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असणार. ती गेली, नावे वितळली. आमच्या भातुकलीतल्या परातीच्या मागे, ठिपक्या-ठिपक्यांनी, दोन अक्षरे आहेत: ठकू. मी ती चिंचेने घासली तेव्हा प्रथम दिसली. आईला विचारले, ठकू कोण? आईलाही सांगता येईना. लग्नात मुलीचे नाव बदलत, ताटात तांदूळ पसरून नवे नाव लिहीत. आजी आमच्या घरात आली ती लक्ष्मी होऊन, आणि रेशन कार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तीच राहिली. दहा वर्षांपर्यंत ती जी कोणी होती तिचा एकमेव कागद म्हणजे ही चार इंची परात.

भातुकली स्वयंपाकघराच्या मागोमाग चालते, पण तिची चाल सरळ नाही. प्रायमस स्टोव्ह भातुकलीत लवकर आला, कारण तो मिरवायचा होता. १९५५ साली मुंबईत गॅस आला. पुढे प्लॅस्टिकची दोन बर्नरची शेगडी आणि लाल सिलिंडर खेळण्यांत आला तेव्हा खेड्यातल्या कित्येक घरांत आई अजून चुलीशीच फुंकत होती. मुलीच्या हातात पुढची वस्तू आणि आईच्या हातात मागची. उलट दगडी जाते खऱ्या घरांतून गिरणीने हद्दपार केल्यावरही भातुकलीत ठाण मांडून राहिले. म्हणून एखादी भातुकली पाहून 'त्या काळी घरात हे होते' असे म्हणण्याआधी थांबावे लागते. आजच्या हौशी मंडळींच्या लघुकामात तर चूल-जाते-पाटा-वरवंटा असे सगळे एकदम असते, आणि कुकर नसतो. आमच्या वाड्यावाल्या बाईंना मी एकदा म्हटले, तुम्ही स्वतः चाळीस वर्षे कुकरवर वरण-भात लावलात, तो का नाही? त्या म्हणाल्या, "तो मला अजून दिसतो ना रोज." हे उत्तर मला पटले.

राहिला सतरावा नग. पितळेचा, सरळ भिंतींचा, बिनकाठाचा, बावन्न मिलिमीटर व्यास आणि चौसष्ट उंची. बाकी सगळी भातुकली थोडी पोट सुटलेली, हा मात्र नळकांड्यासारखा. काठ झिजून एका बाजूला पातळ झालेला. मी वहीत 'डबा, झाकण हरवलेले' असे लिहिले होते आणि कित्येक वर्षे ते तसेच राहिले. मग एका दुपारी तांदळाने भरून, वर हाताने सपाट करून तोलले: एकशे दहा ग्रॅम. शेराचे दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी. हा डबा नव्हे, हे कोळवे होते. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर पाच-सहा वर्षांत दशमान पद्धत आली आणि शेर-पायलीची मापे बाजारातून बाद झाली. बाद झालेली मापे मुलांच्या खेळात आलेली मी इतर दोन घरांतही पाहिली होती. आमच्याकडेही तसेच झाले असणार, असे धरून मी वहीतली नोंद दुरुस्त केली आणि आईला दाखवायला गेलो.

आईने ते हातात घेतले, अंगठ्याने झिजलेला काठ चाचपला. म्हणाली, "हे खेळण्यातलं नाही रे. कोठीची किल्ली आजेसासूबाईंच्या कमरेला असायची. रोज सकाळी त्या यानं तुझ्या आजीला तांदूळ मोजून द्यायच्या, माणशी एक. तिचं स्वतःचं शेवटी. त्या गेल्या, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हे उचलून भातुकलीच्या पिशवीत टाकलं. मी नवी सून होते, दारात उभी राहून बघत होते."